दरडीतला खंड्या

“कुदळ खाली ठेव!” मी ओरडले. ओरडून झाल्यावर लक्षात आलं, की समोर सासरे आहेत आणि आपण त्यांना चक्क अरेतुरे केलं आहे.

मामंजींनी डोक्यावर उचललेली कुदळ तशीच वर राहिली. तेवढ्यात दरडीतल्या भोकातून एक पाखरू सुटलं, त्यांच्या कानाला वारा घालून गेलं आणि व्हाळाच्या पलीकडे करवंदीच्या जाळीत शिरलं. कोकणात ओढ्याला व्हाळ म्हणतात एवढं मला तोवर कळलं होतं. बाकी फारसं काही कळलं नव्हतं. लग्न होऊन किंजळवाडीत आले त्याला चारच महिने झाले होते.

“मामंजी, चुकलं माझं,” मी पदर सावरत म्हणाले. “तोंडातून एकदम ‘ठेव’ गेलं.”

“मगे काय ‘ठेवावी’ म्हणतलं व्हतंस?” कुदळ हळूच खाली टेकवत ते म्हणाले. “तवसर घाव बसलो आसतो. काय व्हतां तां?”

“पाखरू. आत घरटं आहे त्याचं. मी पंधरा दिवस बघतेय. जोडीनं भोक पाडलं. चोचीनं माती उकरायची आणि पायानं मागं उडवायची. आता आळीपाळीनं आत बसतात. अंडी असणार.”

“पंधरा दिवस बघतंस, नि घरात एक शब्द नाय?”

काय सांगणार? माझं माहेर घाटावरचं, गारगोटीकडचं. मी बोलले की इथल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि त्या बोलल्या की मला निम्मं कळायचं नाही. नवरा, विलास, गोव्यात बोटींच्या कारखान्यात. महिन्यातून एकदा यायचा. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. घरात मी आणि मामंजी, आणि मामंजी दिवसभर त्यांच्या कामात. “वाढलंय” आणि “दिवा लावते” एवढी दोनच वाक्यं मी दिवसाकाठी बोलत असेन. धुणं घेऊन व्हाळावर गेले की हे पाखरू दिसायचं आणि तेवढा तास बरा जायचा. या गावात माझं एकटीचं असं तेवढंच होतं.

“रंग सांग,” मामंजी म्हणाले.

“पोट पिवळं. म्हणजे आमरसासारखं.”

“हापूस काय पायरी?”

मला हसू आलं. मग नीट आठवून म्हणाले, “हापूस. पण मानेपाशी पायरीकडं जातो.”

“चोच?”

“लाल. पायसुद्धा लाल. चोच एवढी मोठी की पाखरू लहान आणि चोच उसनी आणलेली वाटते. सगळं मिळून लिंबाएवढं असेल.”

“पाठ?”

“निळी. नाही, काळी. म्हणजे उन्हात आलं की जांभळी.”

“एका पाठीर तीन रंग कशे? बरा बघलंस नाय तू,” असं म्हणून त्यांनी दरडीला हात लावला. भोकाच्या आजूबाजूला तळवा फिरवून बघितला, माती कुठे सुटी आहे ते चाचपलं. मी सांगितलं, की पाखरं बाहेर असताना मी गवताची लांब काडी आत घालून पाहिली आहे, बोगदा चांगला हातभर आहे आणि आत चढत जातो. बाजूला दोन घाव घातले तरी सगळं खाली बसेल.

“चल घराक,” ते म्हणाले. “पिल्लां उडासर ह्या दरडीक हात नाय.”

आता हे बोलायला सोपं होतं, पण त्या दरडीवर अख्ख्या वाडीचे गणपती अडले होते. माझे सासरे, बाबल मेस्त्री, वाडीतल्या साठ घरांचे गणपती करायचे. आमच्याकडची रीत अशी, की आषाढी एकादशी झाली की घरोघरचे लोक आपला पाट घेऊन गणपतीच्या शाळेत येतात. शाळा म्हणजे आमच्या अंगणाकडेची लांब पडवी. पाटावर नारळ आणि पानसुपारी असते. नारळ घेतला की शब्द दिला. मग त्या पाटावरच त्या घराचा गणपती करायचा आणि चतुर्थीला घरच्यांनी तो पाटासकट डोक्यावरून न्यायचा. चाळीस वर्षांत मामंजींनी एकही पाट रिकामा ठेवला नव्हता. आणि माती लागायची ती याच दरडीची. तिच्यात खडा नाही, वाळू नाही, वाळताना तडकत नाही. चतुर्थीला सात आठवडे उरले होते. पिल्लं बाहेर पडून उडेपर्यंत पाच तरी जाणार. उरलेल्या दोन आठवड्यांत, कोकणातल्या त्या ओल्या हवेत, साठ मूर्ती वाळणार कधी आणि रंगणार कधी?

“मग माती?” मी वाटेत विचारलं.

“बघूया.”

बघूया म्हणजे काय, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी उठून मामंजी छत्री घेऊन व्हाळावर गेले आणि दरडीसमोरच्या कातळावर जाऊन बसले. मला म्हणाले, “तू पण बस. धुणां मगे.” आणि त्यांची सरबत्ती सुरू झाली. आता खंय बसलो? मान कशी? कानामागे काय? मी सांगायची, कानामागे आधी निळा ठिपका, त्याच्यामागे पांढरा. कपाळावर काळा टिळा. डोकं केशरी, पण त्याच्यावरून वांग्याच्या सालीसारखी झाक फिरते. पायाला बोटं तीनच. मामंजी करवंटीत रंग कालवायचे, बोटावर घेऊन माझ्यासमोर धरायचे. “असो?”

“नाही. हा मेलेला आहे. थोडा तांबडा घाला.”

“आता?”

“आता फार झाला.”

मला वाटायचं, म्हातारा आपली परीक्षा घेतोय. चाळीस वर्षं रंगात घालवलेला माणूस, त्याला मी काय सांगणार? पण परीक्षा तर परीक्षा. मी शाळेत चित्रकलेत पहिली यायचे, हे त्याआधी मला तिथे कुणी विचारलंच नव्हतं. एक मात्र खरं, पाखरू येतंय हे माझ्याआधी मामंजींना कळायचं. रानातून बारीक, सुईसारखी शीळ यायची, ते हात वर करायचे, आणि दोन श्वासांत पाखरू फांदीवर हजर. अंग सावरून बसायचं, मान वरखाली करायचं आणि सुटलं की सरळ भोकात. इतका सुंदर जीव आणि घर चिखलात, याचं मला फार नवल वाटायचं.

असे पंधरा दिवस गेले. मजा यायची, नाही असं नाही. मी आता घरातही बोलू लागले होते. पण पडवीत शिरलं की भिंतीला टेकलेले ते साठ पाट माझ्याकडे बघायचे. दरड वाचवायला ओरडले मी. म्हणजे उद्या वाडीत बाबल मेस्त्रींचा शब्द गेला तर तो माझ्यापायी.

“मामंजी, अमावास्या आली. माती कुठून आणायची?”

“देव आपली माती आपण हाडीत.”

“गणपती काय टोपली घेऊन येणार आहे?”

“इलो तर बसूक दी,” ते म्हणाले आणि करवंटी धुवायला गेले.

म्हणून मी माझंच डोकं चालवलं. ज्याचा पाट त्याचीच माती. प्रत्येक घरानं आपल्या मळ्याच्या कोपऱ्यातली एक-दोन टोपल्या चिकणमाती द्यावी. ती चाळून, कापूस घालून मी मळीन, तडकायची नाही. आणि कुणाची माती कुठली हा घोळ नको म्हणून पाटच घेऊन जावा, त्याच्यावरच माती आणावी. फार हुशारीची गोष्ट सुचली असं वाटलं. सगळ्यात मोठा गणपती परबांचा, म्हणून त्यांचा पाट उचलला, डोक्यावर घेतला आणि भरदुपारी भामाकाकी परबांच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

भामाकाकी सत्तरीच्या. खळ्यात कुळीथ पाखडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, माझ्या डोक्यावरचा रिकामा पाट पाहिला, आणि हातातलं सूप खाली पडलं.

“अगो चेडवा, ह्यां काय हाडलंस? कोण गेलां गो? मुंबैसून तार इली?”

“कोण गेलं म्हणजे?”

पण ऐकायला त्या होत्या कुठे! त्यांनी तिथेच छाती बडवून “माझो झील गो” म्हणून मुंबईच्या मुलाच्या नावानं जो सूर लावला, की आजूबाजूची दहा घरं अंगणात. मला काही सुधरेना. पाट डोक्यावर तसाच. मी आपली सगळ्यांत मोठ्यानं ओरडतेय, “काकी, कुणी गेलं नाही! मला माती पायजे!” त्या गलक्यात ते आणखीनच भयंकर ऐकू गेलं असणार.

शेवटी काकींचा पुतण्या नाना परब पुढे आला, त्यानं पाट उतरवला आणि मला समजावलं. वाडीत दिलेला पाट रिकामा परत येतो तो एकाच वेळी. घरात मयत झालं, सुतक लागलं, म्हणजे औंदा त्या घरात गणपती नाही, असा निरोप असतो तो. घाटावरून आलेल्या मला हे कोण सांगणार? मी रडकुंडीला येऊन सगळं सांगून टाकलं. दरड, पाखरू, अंडी, घरोघरची माती मळायचा बेत, सगळं.

काकींचं रडणं जेवढ्या वेगानं सुरू झालं होतं तेवढ्याच वेगानं थांबलं आणि त्याचा राग झाला. “म्हणजे माझो झील बरो आसा! आणि बाबल्यान अजून मातयेक हात लावूक नाय? एका पाखराक लागान?”

“खंय आसा तो?” नानानं विचारलं आणि ओटीवरची कुदळ खांद्यावर टाकली. “त्याच्यान नाय होणा तर मी खणतंय. पाखरापायी वाडीचे गणपती रवतले काय?”

पुढे नाना, मागे पाट डोक्यावर घेतलेल्या भामाकाकी, त्यांच्यामागे पंधरा-वीस माणसं आणि सगळ्यांत मागे मी. माझे पाय चालत होते, पण जीव त्या भोकात अडकला होता. अंडी फुटली होती. दोन दिवस आतून किणकिण ऐकू येत होती.

मामंजी कातळावर छत्री मिटून बसले होते. इतकी माणसं आली तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. नुसता हात वर केला.

“गप. येता तो.”

“बाबल मेस्त्री, ह्यां काय चललां—” नानानं सुरुवात केली.

“सांगलंय मा, गप!”

शीळ आली. पावसानं उघडीप दिली होती आणि झाडांतून उन्हाचा एक पट्टा नेमका दरडीसमोरच्या फांदीवर पडला होता. पाखरू येऊन त्या उन्हात बसलं. चोचीत सापसुरळी, जवळजवळ त्याच्याच लांबीची. ती त्यानं फांदीवर एकदा डावीकडे आपटली, एकदा उजवीकडे आपटली. आपटताना त्याच्या पाठीवरून निळा, काळा, जांभळा असे तिन्ही रंग एकामागून एक सरकले. मग ते सुटलं, कुदळीपासून तीन हातांवरून गेलं आणि भोकात नाहीसं झालं. आतून किणकिण वाढली. घटकेनं ते बाहेर आलं, पाण्यात एक बुडी मारली, अंगाची माती धुतली, पुन्हा फांदीवर बसून पिसं विंचरली आणि गेलं.

भामाकाकी पाट खाली ठेवून त्याच्यावरच बसल्या होत्या.

“पन्नास वर्सां मी हयसर कापडां धुतलंय,” त्या म्हणाल्या, “आणि ह्यां आमच्या व्हाळात आसा?”

“ही शीळ पावसात येता, पावसाबरोबर जाता,” मामंजी म्हणाले. “आता पिल्लां आसत. उडाक आणखी तीन आठवडे.”

नानानं कुदळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. “बरां आसा, दिसाक बरां आसा. पण काकी, गणपतीचां काय?”

काकींनी त्याच्याकडे अशी नजर टाकली, की मीच दोन पावलं मागे सरले. “नान्या, गणपतीक त्याच्या आवशीन मातयेचो केल्यान. तेका दुसऱ्या आवशीचां घर मोडून हाडलेली माती आवडात? चल, ती कुदळ घी नि आपल्या मळ्यात जावया. थंयच्या कोनशातली चिकण खण.”

“ती तडाकता काकी.”

“तडाकली तर ह्यां चेडू बघीत. मळतंय म्हणान सांगी व्हतां मा?” काकींनी माझ्याकडे बोट केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीचं दार उघडलं तर अंगणात टोपल्यांची रांग. कुणाची माती राखाडी, कुणाची पिवळी, कुणाची तांबूस. एकमेकांत मिसळली तर एक आकसणार आणि दुसरी नाही, म्हणून मामंजींनी प्रत्येकाची वेगळी ठेवायला लावली. मी चाळली, कापूस घातला, मळली. हातांना फोड आले. बायका मदतीला आल्या आणि मळता मळता माझ्याकडून गारगोटीची गाणी म्हणवून घेतली. हसल्या, पण आता त्या हसण्याला मीही हसत होते. मामंजी मूर्ती घडवत होते. त्यांची बोटं चालू लागली की बघत राहावं, सोंड तर ते दुसरीकडे तोंड करून वळवायचे. आणि रोज सकाळी तासभर आम्ही दोघं व्हाळावर.

नारळी पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. त्या सकाळी आईबाप भोकाशी जात होते, पण खाऊ आत देत नव्हते. चोचीत धरून फांदीवरूनच बोलावत होते. मग भोकाच्या तोंडाशी एक डोकं आलं. थोडं मागे गेलं, परत आलं, आणि पडल्यासारखं उडालं.

“इलां?” मामंजींनी विचारलं.

“आलं! करवंदीवर बसलं. दुसरं पण आलं! रंग अजून मळकट आहेत, चोच लाल नाही झालेली, टोक पांढरं आहे. तिसरं! मामंजी, तिसरं!”

“आणि?”

चौथं वेळ लावत होतं. निघालं ते भलतीकडेच. फांदी चुकलं, पाण्यावरून गोल फिरलं आणि येऊन बसलं ते थेट मामंजींच्या छत्रीच्या मुठीवर. छत्री त्यांच्या दोन गुडघ्यांमध्ये उभी होती. त्यांच्या नाकापासून वीतभर अंतर. पाखराची छाती धडधडताना मला दिसत होती.

“मामंजी,” मी श्वास रोखून म्हणाले, “बघा.”

“खंय गो?” ते म्हणाले आणि करवंदीच्या दिशेला बघू लागले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली, त्यांची नजर त्या पिल्लावरून दोनदा गेली आणि कुठेच थांबली नाही. पिल्लू उडून आपल्या भावंडांत गेलं.

“छत्रीवर बसलं होतं,” मी म्हणाले.

त्यांनी मुठीवर हात ठेवला. बोटांनी ती चाचपली. मग हसले. “दोन वर्सां झाली. सगळां धुक्यातसून बघल्यासारख्यां. माणूस इलां-गेलां कळता. इतक्यां बारीक नाय कळणा. विलासाक सांगू नको, तो काम सोडून धावान येतलो.”

“मग हे पाखरू?”

“नाय दिसलां. एकदाव नाय.”

“मग कुदळ कशाला ठेवलीत? चाळीस वर्षांचा शब्द पणाला लावलात, न दिसलेल्या पाखरासाठी?”

“तुझो आवाज ऐकलंय मा,” ते म्हणाले. “चार म्हयने घरात तुझो आवाज नाय. माका वाटा, चेडू सुकान जातलां हयसर. आणि त्या दिवशी इतक्यां मोठ्यान ओरडलंस, माकाच हुकूम सोडलंस! म्हटलंय, हिका ओरडाक लावणारां कायतरी आसा, तां मोडूक नाय होया.”

मी तिथेच, धुण्याच्या दगडावर बसून, रडले. फार आनंदानं रडले. मामंजी आपले विचारत राहिले, “आता खंय आसत? चारय एका फांदयेर काय?” आणि मी नाक पुसत सांगत राहिले.

त्या वर्षी सगळे गणपती मी रंगवले. डोळ्यांची आखणीसुद्धा. मामंजी शेजारी बसायचे, ब्रश किती भिजलाय ते बोटानं बघायचे आणि म्हणायचे, “आता हात थांबवू नको.” एकही मूर्ती तडकली नाही असं म्हणणार नाही, दोन तडकल्या, त्या पुन्हा केल्या. भामाकाकींच्या गणपतीला तोच हापूस-पायरीतला शेला आणि जांभळी झाक मारणारा काठ केला. चतुर्थीच्या सकाळी त्या पाट डोक्यावर घेऊन निघाल्या आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून शेला दाखवत गेल्या, त्यामुळे त्यांच्या घरची पूजा दुपारी झाली. पाखराला तिबोटी खंड्या म्हणतात, हे मला फार नंतर एका मास्तरांनी सांगितलं.

दिवाळीनंतर विलासला सांगितलंच मी. शहरात नेऊन मामंजींच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. पुढच्या आषाढात खंड्याची जोडी आली, या खेपेला थोडी वरच्या अंगाला. आम्ही कातळावर जाऊन बसलो. त्या दिवशी मामंजींनी मला काहीसुद्धा विचारलं नाही. पाखरू आलं, बसलं, उन्हात फिरलं, गेलं, परत आलं. ते नुसते बघत होते. ऊन डोक्यावर आलं तरी उठेनात.

शेवटी माझ्याकडे वळले. मला वाटलं, काहीतरी चांगलं बोलतील. तर चेहरा रागावलेला.

“सूनबाय, तू माका फसवलंस.”

“मी? मी काय केलं?”

“गेल्या वर्साक,” ते परत फांदीकडे बघत म्हणाले, “तू माका अर्धांच सांगलंस.”